रॉन कार्टर आणि त्यांचा डबल बेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे आम्ही दहाबारा जण महिन्यातून एकदा एकत्र बसून जॅझ ऐकतो. मी मूळचा भजनी मंडळातला पेटीवाला, त्यामुळे माझे कान आधी साथीदाराकडे जातात. म्हणूनच मी रॉन कार्टर यांच्यापाशी येऊन थांबलो. नवे श्रोते आले की त्यांच्याबद्दल तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रॉन कार्टर नेमके कोण? दोन ओळींत सांगा.

अमेरिकेचे डबल बेस वादक. जन्म ४ मे १९३७, मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटजवळच्या फर्नडेल गावी. १९५९ च्या सुमाराला ते न्यूयॉर्कच्या जॅझमध्ये आले आणि तेव्हापासून सहा दशकांहून अधिक काळ वाजवत आले आहेत. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या साठच्या दशकातल्या पंचकामुळे, म्हणजे पाच जणांच्या संचामुळे, ते जगाला माहीत झाले, पण ती त्यांच्या कामाची जेमतेम पाच वर्षे. उरलेली पन्नासहून अधिक वर्षे लोक विसरतात. हे पान मुख्यतः त्यासाठीच लिहिले आहे.

२. डबल बेस म्हणजे बेस गिटारच ना?

नाही. डबल बेस हे व्हायोलिनसारख्या दिसणाऱ्या वाद्यांतले सगळ्यात मोठे वाद्य. माणसाहून उंच असते, जमिनीवर उभे ठेवून त्याला बिलगून वाजवतात. पाश्चात्य वाद्यवृंदात ते बहुतेक गजाने वाजते, तर जॅझमध्ये उजव्या हाताच्या बोटांनी तार ओढून. बेस गिटार १९५० च्या आसपास बाजारात आली. ती गळ्यात अडकवतात आणि विजेशिवाय तिचा आवाज पोचत नाही. तारा दोन्हींच्या सारख्याच मिळवलेल्या असतात, पण डबल बेसला पडदे नसतात. सूर कुठे आहे हे बोटाला ठाऊक असावे लागते, सारंगीवाल्यासारखेच. कार्टर यांचे वाद्य डबल बेस. मात्र काही काळ त्यांनी बेस गिटारही हाती घेतली होती, त्याबद्दल प्रश्न १३ मध्ये.

३. तुम्ही म्हणता बेस ऐका. मला तर बेस ऐकूच येत नाही. माझं काय चुकतंय?

तुमचे काही चुकत नाही, तुम्ही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकताय. डबल बेसच्या सगळ्यात खालच्या तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. मोबाइलचा चिमुकला स्पीकर इतके खालचे सूर काढूच शकत नाही. वरच्या स्वरांशांवरून कान अंदाज बांधतो, पण गाभा हरवलेला असतो. साधा पाच-सातशे रुपयांचा हेडफोन लावा आणि तीच रेकॉर्ड पुन्हा ऐका.

आणखी एक युक्ती. धून सोडून द्या आणि बेसबरोबर गुणगुणायचा प्रयत्न करा. पहिल्यांदा दहा सेकंदसुद्धा जमत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी एकदम दार उघडल्यासारखे होते आणि मग तो आवाज पुन्हा कधी हरवत नाही.

४. बेसवाला करतो तरी काय? सगळा वेळ डुंग-डुंग एवढंच तर असतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि माझ्या सगळ्यात आवडीचा आहे.

एक बारा मात्रांचे नव्हे, बारा खणांचे आवर्तन डोळ्यांसमोर आणा. जॅझमधल्या ब्लूजचे आवर्तन असेच बारा खणांचे असते, दर खणात चार ठोके, म्हणजे अठ्ठेचाळीस ठोके. चालत्या बेसमध्ये बेसवादक दर ठोक्याला एक स्वर देतो. म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा तो निर्णय घेतो, आणि आवर्तन संपले की पुन्हा अठ्ठेचाळीस. कागदावर हे स्वर लिहिलेले नसतात. लिहिलेल्या असतात फक्त कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट. त्या कॉर्ड्सच्या खुंट्यांना धरून वाट त्याने स्वतः काढायची असते.

या निर्णयांचे वजन केवढे असते ते घरच्या पेटीवर करून पाहा. पांढरी एकचा सा धरा. उजव्या हाताने सा, ग, प एकत्र दाबून ठेवा. डाव्या हाताने खालचा सा दाबा. आवाज घरी आल्यासारखा, निश्चिंत. आता उजवा हात तसाच ठेवून डाव्या हाताने तो सा सोडा आणि त्याच्या खालचा शुद्ध ध दाबा. वरचे काहीच बदलले नाही, तरी सगळ्यावर सावली आली ना? पियानोवाला तेच वाजवत होता, अर्थ बदलला तो खालच्या माणसाने.

कार्टर यांचे मोठेपण इथे आहे. ते प्रत्येक आवर्तनात तळ थोडा वेगळा मांडतात आणि वरचा वादक आपोआप वेगळ्या वाटेला जातो. त्याला पुष्कळदा वाटते की ही कल्पना आपल्यालाच सुचली. आपल्याकडे उत्तम तबलजी ठेक्याच्या वजनात जरासा फरक करून गवयाला नवी जागा सुचवतो, त्याच जातीची ही गोष्ट. फक्त इथे लयीबरोबर सूरही साथीदाराच्याच हातात असतो.

५. त्यांचा आवाज ओळखायची खूण कोणती?

तीन खुणा सांगतो. पहिली म्हणजे स्वराची लांबी. तार ओढल्यावर त्यांचा स्वर विझत नाही, पुढचा स्वर येईपर्यंत गुंजत राहतो. दुसरी म्हणजे मींड. एका स्वरावरून दुसऱ्यावर ते बोट घासत नेतात, कधी नुसती अर्ध्या स्वराची, कधी लांबलचक खाली उतरणारी. आपल्या कानाला ती चटकन आपलीशी वाटते. तिसरी म्हणजे ठोक्याची जागा. त्यांचा ठोका किंचित पुढे झुकलेला असतो, पण लय वाढत मात्र नाही. ही तिसरी खूण सांगून कळत नाही, ऐकूनच कळते.

६. ते आधी चेलो वाजवायचे म्हणे. मग बेसकडे का आले?

वयाच्या दहाव्या वर्षी त्यांनी चेलो हाती घेतला, व्हायोलिनच्याच कुळातला, पण बेसहून लहान. पुढे कुटुंब डेट्रॉइटला आले आणि ते तिथल्या कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये शिकले. मुले घडवणारी ही मोठी शाळा. त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा अव्वल बेसवादक पॉल चेंबर्सही तिथलाच. (हे नाव लक्षात ठेवा, प्रश्न १६ मध्ये लागेल.)

कार्टर चेलो चांगला वाजवायचे, पण बाहेरच्या छोट्यामोठ्या कार्यक्रमांसाठी बोलावणे यायचे ते गोऱ्या मुलांना. हे त्यांच्या लक्षात आले. त्याच वेळी शाळेच्या वाद्यवृंदातला बेसवादक शिक्षण संपवून बाहेर पडणार होता. बेस वाजवणारा दुसरा कोणी नसेल तर त्यांना मला बोलवावेच लागेल, असा सरळ हिशोब त्या मुलाने केला. आवड म्हणून वाद्य बदलले नाही. वर्णभेदाने एक दार बंद केले म्हणून बदलले.

वर वर सोपा वाटणारा हा बदल हाताला अवघड असतो. चेलोच्या तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतराने मिळवतात, बेसच्या मध्यमाच्या. म्हणजे दहाव्या वर्षापासून बोटांना लागलेले सगळे वळण मोडून नवे लावायचे.

७. एवढं शास्त्रशुद्ध शिक्षण झालेलं असताना ते सिंफनीच्या वाद्यवृंदात का गेले नाहीत?

जाऊ दिले नाही म्हणून. रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयातून ते १९५९ मध्ये पदवीधर झाले. तिथल्या विद्यार्थी वाद्यवृंदात ते बेस वाजवत. प्रसिद्ध संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की तिथे पाहुणे म्हणून आले होते, तेव्हा ते ह्यूस्टनच्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते. कार्टर यांनी हा प्रसंग अनेक मुलाखतींत सांगितला आहे. तुझे वादन मला आवडले, पण ह्यूस्टनचे संचालक मंडळ कृष्णवर्णीय वादक स्वीकारायला तयार होणार नाही, असे स्टोकोव्स्कींनी त्यांना सांगितले.

यातले काय जास्त बोचते हे मी अजून ठरवू शकलेलो नाही, नकार की नकाराआधीचे कौतुक. बाविशीच्या त्या मुलाने मुक्काम न्यूयॉर्कला हलवला आणि १९६१ मध्ये मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकची पदव्युत्तर पदवीही घेतली. ज्या संगीताने दार लावले त्याचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. प्रश्न १४ पाहा.

८. माइल्स डेव्हिसकडे ते कसे पोचले?

आधी चार वर्षे चौफेर कामे केली. १९५९ मध्ये ड्रमवादक चिको हॅमिल्टन यांच्या संचात गेले, तिथे सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फी भेटले. मग जॅकी बायर्ड, रँडी वेस्टन, बॉबी टिमन्स, कॅननबॉल ॲडरली यांच्याबरोबर साथ. १९६१ मध्ये स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्डही केली, तिचे नाव ‘व्हेअर?’.

१९६३ मध्ये डेव्हिस यांचा जुना संच मोडला. त्यांनी कार्टर यांना विचारले तेव्हा कार्टर ट्रम्पेटवादक आर्ट फार्मर यांच्याबरोबर ठरलेले कार्यक्रम वाजवत होते. कार्टर म्हणाले, मी फार्मर यांना शब्द दिलाय, त्यांनी मोकळे केले तर येतो. डेव्हिस यांनी फार्मर यांना विचारले आणि त्यांनी मोकळे केले. माइल्स डेव्हिस दारात उभे असताना दुसऱ्याच्या शब्दाचा विचार करणारा माणूस आहे हा. पुढे साठ वर्षे लोक त्यांना पुन्हा पुन्हा का बोलवत राहिले, त्याचे निम्मे उत्तर मला या प्रसंगात दिसते.

९. त्या पंचकात असं काय होतं की आजही सगळे त्याचीच गोष्ट काढतात?

माणसे आधी पाहा. पियानोवर हर्बी हॅनकॉक, वय तेवीस. ड्रम्सवर टोनी विल्यम्स, अवघा सतरा. बेसवर कार्टर, सव्वीस. १९६४ च्या शरदात सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर आले आणि पंचक पुरे झाले. डेव्हिस अडतीस वर्षांचे, नावाजलेले. त्यांनी या पोरांना लगाम घातला नाही.

तोवर जॅझमध्ये एक अलिखित वाटणी होती. पुढचे वाजवतात, मागचे सांभाळतात. या संचाने ती मोडली. दोन उदाहरणे देतो, दोन्ही हेडफोन लावून ऐका.

पहिले, ‘फुटप्रिंट्स’, १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘माइल्स स्माइल्स’ या रेकॉर्डवरचे. शॉर्टर यांची रचना. कार्टर सुरुवातीला एक छोटीशी आकृती वाजवतात, खालून वर चढणारी, सहाच्या वजनाची. आपल्याला लगेच दादऱ्याची आठवण होते. थोड्या वेळाने टोनी विल्यम्स तीच लय चारात मोजू लागतात. ऐकणाऱ्याच्या पायाखालची सतरंजी सरकते. त्या क्षणी कार्टर काय करतात ते पाहा. ते एकाच्या बाजूने उभे राहत नाहीत. आकृतीचा सांगाडा ठेवून मधले स्वर असे हलवतात की सहाही खरे आणि चारही खरे. आपल्याकडे आडलयीत असे क्षण येतात, पण तिथे सम सगळ्यांना ठाऊक असते. इथे सम जिवंत ठेवायची जबाबदारी या एका माणसावर होती.

दुसरे, ‘नेफर्टीटी’, १९६७. इथे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकच धून पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, शेवटपर्यंत. त्यांचे एकल वादन नाहीच. मग मैफल कोणाची? मागच्या तिघांची. तबल्याच्या एकल वादनाला पेटीवर लेहरा धरतात ना, अगदी तसे. डेव्हिस आणि शॉर्टर लेहरा धरून बसलेत आणि ड्रम्स, बेस, पियानो त्यावर फुलत चाललेत. मी स्वतः कितीतरी वेळा तबलजींसाठी लेहरा धरला आहे. तो धरताना हात किती स्थिर आणि मन किती मोकळे ठेवावे लागते ते मला माहीत आहे. डेव्हिस यांच्यासारख्या माणसाने ते काम आपणहून पत्करले, हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी रेकॉर्ड थांबवली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली.

रचनांमध्येही कार्टर यांचा वाटा होता. १९६५ च्या ‘ई.एस.पी.’ रेकॉर्डवरचे ‘आर. जे.’ हे त्यांचे, आणि ‘एटी-वन’ त्यांचे व डेव्हिस यांचे मिळून.

१०. दोन हजारांहून जास्त रेकॉर्ड्स? हा आकडा खरा कसा असेल?

गिनीज बुकने सप्टेंबर २०१५ मध्ये तपासून नोंदवलेला आकडा २,२२१ आहे, जॅझ बेसवादकांत सर्वाधिक. ही त्यांच्या स्वतःच्या नावाच्या रेकॉर्ड्सची संख्या नव्हे. ज्या ज्या ध्वनिमुद्रणात ते वाजले त्या सगळ्यांची आहे.

हे शक्य झाले कारण ते न्यूयॉर्कमध्ये राहिले आणि स्टुडिओचे काम करत राहिले. तिथे कलाकार संघटनेच्या नियमाने एक सत्र साधारण तीन तासांचे. वादक येतो, समोर कधी न पाहिलेला कागद, एकदोनदा वाजवून पाहायचे आणि मुद्रण. चुकायला वेळ नसतो. कागद वाचता येणारा, सुरात पक्का, वेळेवर येणारा बेसवादक मिळाला की निर्माते त्याला सोडत नाहीत. ईस्टमनचे शिक्षण असे कामी आले. हर्बी हॅनकॉक यांची ‘मेडन व्हॉयेज’, वेन शॉर्टर यांची ‘स्पीक नो इव्हिल’, मॅकॉय टायनर यांची ‘द रिअल मॅकॉय’, तीन वेगळ्या माणसांच्या तीन उत्तम रेकॉर्ड्स, आणि तिन्हींच्या तळाशी कार्टर. न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत साठ-सत्तरच्या दशकांत ते किती वेळा उभे राहिले असतील, त्याला गणतीच नाही.

११. मी जॅझ ऐकत नाही. तरी मी त्यांना कुठे ऐकलं असेल का?

बहुतेक ऐकले असेल. गायिका रोबर्टा फ्लॅक यांचे ‘किलिंग मी सॉफ्टली’ रेडिओवर, दुकानांत, लग्नांत वाजत आले आहे. त्यातला बेस कार्टर यांचा. फ्लॅक यांच्या १९६९ च्या पहिल्या रेकॉर्डवरचे पहिले गाणे ‘कम्पेअर्ड टू व्हॉट’ तर त्यांच्या बेसनेच सुरू होते. गिल स्कॉट-हेरन यांच्या १९७१ च्या ‘पीसेस ऑफ अ मॅन’वर ते आहेत. पॉल सायमन यांच्या १९७२ च्या रेकॉर्डवर आहेत. ब्राझीलच्या अंतोनियो कार्लोस जोबिम यांच्या १९६७ च्या ‘वेव्ह’वरही तेच, आणि तिथे ते इतके कमी स्वर वाजवतात की मोजून घ्यावेत. मला त्यांचे ते वादन फार आवडते.

आणि तरुणांसाठी : ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिपहॉप गटाची १९९१ ची ‘द लो एंड थिअरी’. त्यातल्या ‘व्हर्सेस फ्रॉम द ॲबस्ट्रॅक्ट’वर कार्टर स्वतः येऊन वाजवून गेले. जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचललेला नाही. शिवीगाळ नसेल तर येतो, एवढी अट त्यांनी घातली होती. तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते आणि त्यांच्या पिढीतले पुष्कळ लोक या संगीताला संगीत मानायला तयार नव्हते.

१२. पिकोलो बेस हा काय प्रकार आहे?

नेहमीच्या बेसपेक्षा लहान आणि वरच्या सुरात मिळवलेले वाद्य. सत्तरच्या दशकात कार्टर यांना स्वतःचा संच पुढे उभे राहून चालवायचा होता. पण बेसवादक एकल वाजवू लागला की तळ रिकामा होतो. म्हणून त्यांनी स्वतः पिकोलो बेस घेतला आणि खालच्या बेसला दुसरा वादक ठेवला, बस्टर विल्यम्स. पियानोवर केनी बॅरन, ड्रम्सवर बेन रायली. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्वीट बेसिल क्लबमध्ये या चौघांचे मुद्रण झाले. दोन बेस एकाच संचात ठेवणे म्हणजे एका खोलीत दोन खर्ज. पण ऐकताना गर्दी वाटत नाही.

१३. ते बेस गिटार वाजवायचे की नाही? आणि सत्तरच्या दशकात त्यांचा डबल बेसही वेगळाच का वाटतो?

हे दोन वेगळे मुद्दे आहेत, लोक ते एकत्र करतात.

बेस गिटार त्यांनी वाजवली आहे. १९६८ मध्ये डेव्हिस विजेच्या वाद्यांकडे वळू लागले तेव्हा ‘माइल्स इन द स्काय’वरच्या ‘स्टफ’मध्ये ती ऐकू येते. फ्रेडी हबर्ड यांच्या १९७० च्या ‘रेड क्ले’चा प्रसिद्ध बेसही विजेचाच. वादन उत्तम आहे, पण हे आपले मुख्य वाद्य करायचे नाही हे त्यांनी पक्के ठरवले होते. १९६८ मध्ये डेव्हिस यांना सोडण्यामागे हे एक कारण होतेच. न्यूयॉर्कबाहेरचे सततचे दौरे हे दुसरे. त्यांच्या जागी इंग्लंडहून डेव्ह हॉलंड आले.

दुसरा मुद्दा डबल बेसचा. सत्तरच्या दशकात वाद्यावर पिकअप (कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे छोटे उपकरण) बसवून आवाज थेट यंत्रात घेण्याची रीत पसरली. लाकडाचा, खोलीचा आवाज कमी झाला आणि तारेचा वाढला. सीटीआय कंपनीच्या रेकॉर्ड्सवर त्यांचा स्वर रबरासारखा ताणलेला वाटतो. काहींना तोच आवडतो. मला साठच्या दशकातला लाकडी आवाज जास्त जवळचा. पण १९७३ ची ‘ब्लूज फार्म’ ऐकताना जाणवते की बदलला तो आवाज, स्वरांची निवड तशीच राहिली.

१४. त्यांनी बाखही वाजवलाय का?

हो, अठराव्या शतकातला तो जर्मन रचनाकार बाख, आणि तोही बेसवर. एकापेक्षा जास्त रेकॉर्ड्स आहेत. ऐंशीच्या दशकात ‘रॉन कार्टर प्लेज बाख’, पुढे १९९२ मध्ये ‘मीट्स बाख’. दुसरीत अनेक बेसचे आवाज त्यांनी एकावर एक स्वतःच मुद्रित केले आहेत. या रेकॉर्ड्स सगळ्यांना रुचल्या नाहीत, सुरांच्या बारकाव्यावर टीकाही झाली. ती काही ठिकाणी मलाही पटते. तरी प्रश्न ७ वाचून मग त्या ऐकल्या तर त्या नुसत्या रेकॉर्ड्स राहत नाहीत.

१५. पुरस्कार, शिकवणं वगैरे?

तीन ग्रॅमी. पहिले १९८८ मध्ये ‘राउंड मिडनाइट’ चित्रपटाच्या निमित्ताने झालेल्या ‘कॉल शीट ब्लूज’ या रचनेसाठी, हॅनकॉक, शॉर्टर आणि बिली हिगिन्स यांच्यासह. दुसरे डेव्हिस यांच्या निधनानंतर जुन्या साथीदारांनी केलेल्या ‘अ ट्रिब्यूट टू माइल्स’साठी. तिसरे २०२२ मध्ये ‘स्कायलाइन’साठी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारच्या कला निधीचा ‘जॅझ मास्टर’ सन्मान. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात त्यांनी सुमारे दोन दशके शिकवले, पुढे तिथल्याच जुलियार्ड संगीत विद्यालयातही.

१६. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’वर बेस रॉन कार्टरचाच ना?

नाही. तिथे पॉल चेंबर्स आहेत, कॅस टेक्निकलचेच (प्रश्न ६). ती रेकॉर्ड १९५९ च्या मार्च-एप्रिलमध्ये झाली, तेव्हा कार्टर रॉचेस्टरमध्ये शिकत होते. गोंधळ होतो कारण त्यातल्या ‘ऑल ब्लूज’, ‘सो व्हॉट’ या रचना डेव्हिस पुढेही मैफलींत वाजवत राहिले आणि त्या मैफलींत बेसवर कार्टर होते. १२ फेब्रुवारी १९६४ ची न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमधली मैफल ऐका. ‘सो व्हॉट’ तिथे इतक्या द्रुत लयीत आहे की आधी ओळखूच येत नाही.

१७. १९६३ ते १९६८ डेव्हिसच्या प्रत्येक मैफलीत तेच होते असं धरून चालायचं का?

स्टुडिओतल्या रेकॉर्ड्सपुरते बहुतेक हो, मैफलींच्या बाबतीत नको. न्यूयॉर्कमध्ये काम असले की ते दौऱ्यावर जात नसत, तेव्हा बदली वादक येई. कधी गॅरी पीकॉक, कधी रिचर्ड डेव्हिस, १९६७ मध्ये काही काळ बस्टर विल्यम्स, जे दहा वर्षांनी पिकोलो बेसच्या संचात भेटतात. १९६५ च्या डिसेंबरात शिकागोच्या प्लग्ड निकल क्लबमध्ये मात्र कार्टर स्वतः आहेत. १९७६-७७ मध्ये ‘व्ही.एस.ओ.पी.’ नावाने पंचकातले डेव्हिस सोडून उरलेले चौघे पुन्हा जमले, तेव्हा ट्रम्पेट फ्रेडी हबर्ड यांचा. डेव्हिस त्या वर्षांत वाजवतच नव्हते.

१८. बेटी कार्टर, बेनी कार्टर हे त्यांचे नातेवाईक का?

नाही. गायिका बेटी कार्टर यांचे तर जन्मनाव लिली मे जोन्स. कार्टर हे रंगमंचावरचे.

१९. आपल्याकडे असा डबल बेस कुठे ऐकायला मिळतो?

जुन्या हिंदी चित्रपटगीतांत. मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. घरात चर्चमुळे पाश्चात्य नोटेशनचे शिक्षण, रात्री हॉटेलांत जॅझ आणि दिवसा स्टुडिओ, अशी कितीतरींची दिनचर्या होती. कागद पाहून वाजवणारे, वेळेचे पक्के, आणि श्रेयनामावलीत बहुधा नसलेले. प्रश्न १० मधले न्यूयॉर्कचे चित्र यांना लगेच ओळखीचे वाटले असते. पन्नासच्या दशकातली क्लबातली गाणी काढा आणि गायिकेला क्षणभर बाजूला ठेवून खाली कान लावा.

२०. ते अजून वाजवतात का? आणि ड्रम्सशिवायचा त्यांचा तो संच कोणता?

२०२२ मध्ये पंच्याऐंशी वर्षे पूर्ण झाली तेव्हा कार्नेगी हॉलमध्ये त्यांची मैफल झाली, आणि त्यानंतरही ते दौरे करत राहिले. नेहमीप्रमाणे सूट, टाय, खिशात नीट घडी घातलेला रुमाल.

ड्रम्सशिवायचा संच म्हणजे ‘गोल्डन स्ट्रायकर’ त्रयी : बेस, पियानो, गिटार. पियानोवर आधी मलग्रू मिलर होते, २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि डोनाल्ड व्हेगा आले. गिटारवर रसेल मलोन. ऑगस्ट २०२४ मध्ये कार्टर यांच्याबरोबर जपानच्या दौऱ्यावर असतानाच मलोन यांचे निधन झाले, साठच वर्षांचे होते. ड्रम्स नसल्यामुळे लय पूर्ण बेसवर येते, आणि प्रश्न ४ मध्ये सांगितलेले सगळे इथे उघड ऐकू येते. नवख्या श्रोत्याला मी पंचकाच्या आधी हा संच ऐकवतो.

२१. रेकॉर्डवर नाव कार्टर यांचं आहे, पण बेस दुसऱ्याचाच वाटतोय. असं होतं का?

होते, आणि चार ठिकाणी हमखास फसायला होते.

एरिक डॉल्फी यांच्या १९६० च्या ‘आउट देअर’वर कार्टर चेलो वाजवतात, खालचा बेस जॉर्ज डुविव्हिए यांचा. कार्टर यांच्या स्वतःच्या ‘व्हेअर?’वरही काही रचनांत हीच जोडी, तीच वाटणी. १९७७ च्या ‘पिकोलो’वर वरचा चपळ आवाज कार्टर यांचा आणि खालचा बस्टर विल्यम्स यांचा (प्रश्न १२).

चौथे सगळ्यात फसवे, डेव्हिस यांची ‘फी द किलिमांजारो’, १९६८. पाच रचना आहेत. पहिली आणि शेवटची सप्टेंबरातली, त्यांत डेव्ह हॉलंड आणि पियानोवर चिक कोरिया. मधल्या तीन जूनमधल्या, त्यांत कार्टर आणि हॅनकॉक. पहिली रचना संपून दुसरी सुरू होते तिथे कान द्या.